चालून दाखव

मदन महल, जबलपूर
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय अमू,

तू म्हणशील, हातात फोन असताना ताई पत्र काहून लिहून राहिली. फोन केला की बाबा तुझ्या शेजारीच बसलेले असतात. "गीता आहे का? स्पीकरवर टाक," म्हणतात, आणि मग मला तुझ्याशी काही बोलता येत नाही, तुला माझ्याशी. आणि मागच्या रविवारी आपण दोघी फोनवर कशा भांडलो ते तू विसरली नसशील. लिहिताना माणूस जरा थांबतो. म्हणून हे पत्र. तूही लिहीत जा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुझे आनंदराव नातेवाइकांत सांगून राहिले की मी मोबाइल बघत बघत पायरी चुकले. तसं झालं नाही. आपल्या अंगणातल्या न्हाणीच्या पायऱ्या तुला माहीत आहेत. बाबा आंघोळ करून निघत होते, त्यांचा तोल गेला, त्यांनी माझा खांदा धरला. मी त्यांना भिंतीकडे ढकललं आणि मी खाली गेले. पाय अंगाखाली मुडपला. हाड मोडल्याचा आवाज बाबांनीही ऐकला. तेव्हापासून ते विचारतात, "माझ्यामुळे मोडला का गं?" मी नाही म्हणून सांगितलं आहे. तूही तेच सांग.

घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं गेली होती. बाहेरच्या बाजूला पट्टी आणि स्क्रू, आतल्या बाजूला नुसते स्क्रू. पाय अजून जमिनीला टेकवायचा नाही. शेजारच्या पुष्पाकाकू दोन्ही वेळचा डबा देतात. फॅक्टरीत मेडिकल लीव्ह टाकली आहे. शिलाई सेक्शनमध्ये आमची मशीन उजव्या पायाच्या पॅडलवर चालते, आणि मोडला तोही उजवाच.

बाबांचं सांगते. चौऱ्याऐंशीचे असले तरी ते काठी घेऊन कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येतात, हे तू त्यांना न्यायला आलीस तेव्हा पाहिलंस. ते बंद होऊ देऊ नकोस. एक दिवस बसले की दुसऱ्या दिवशी गुडघे धरतात, आणि मग त्यांचा धीर सुटतो. कुरकुर करतील, ऐकू नकोस. त्यांच्या हातात काठी द्यायची आणि आपण दरवाजात चप्पल घालून उभं राहायचं. मग येतात.

माझा पाय बरा होईपर्यंतच त्रास आहे तुला.

तुझी
गीताताई


नागपूर
२६ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस नमस्कार,

पत्र मिळालं. बाबांनी पाकिटावरचं तुझं अक्षर ओळखलं. वाचून दाखव म्हणाले. मी वरचं वरचं वाचलं.

बाबा बरे आहेत. जेवण ठीक आहे, पण प्रत्येक घासाला तुझं नाव. गीता भाजीत गूळ घालते. गीता पोळी चुरून देते. कालच्या वरणाला म्हणाले, "हे गीताचं नाही." मी काय, तुझी जागा राखायला बसले आहे का? मीही त्यांचीच मुलगी आहे ना. पण असू दे.

आनंदरावांबद्दल तू असं लिहायला नको होतं. त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. ते आता रात्री हॉलमध्ये गादी टाकून झोपतात, कारण बाबांना आमची खोली दिली. कुणाला काही बोलत नाहीत. दोन खोल्यांच्या घरात चौथा माणूस आला की काय होतं ते तुला इतक्या मोठ्या घरात कळणार नाही.

फिरण्याचं बघते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तुला माहीतच आहे. सध्या बाल्कनीत खुर्ची टाकून देते. तिथून रस्ता दिसतो, मन रमतं.

डॉक्टर काय म्हणाले? पाय कधी टेकवणार?

तुझी
अमू


जबलपूर
२८ मार्च २०२४

प्रिय अमू,

पाय टेकवला. डॉक्टरांनी एक्स-रे बघून परवानगी दिली. मी वॉकर धरून उभी राहिले आणि खरं सांगते, मला पायच सापडेना. जमीन लागते आहे हे कळत होतं, पण तो पाय माझा आहे असं वाटेना. पोटरी इतकी सुकली आहे की पंजाबी ड्रेसच्या पायजम्यात दोन पाय वेगवेगळ्या बायांचे दिसतात.

ज्योती नावाची फिजिओथेरपिस्ट घरी येते. मूळची कुंडमकडची, वयानं तुझ्या पियूषएवढी असेल, पण कडक आहे. आधी टेपनं घोट्याची सूज मोजते. मग भिंतीसमोर उभं करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का बघते. डावा लागतो, उजवा लागत नाही. मग मला व्हरांड्यात चालायला लावते आणि स्वतः मागून बघते. मी म्हटलं, अगं समोरून बघ, तोंडावर कळेल दुखतं की नाही ते. ती म्हणाली, "दीदी, चेहरा झूठ बोल देता है. एड़ी नहीं बोलती." म्हणते, मी पाय वाचवून चालते. उजव्या पायावर वजन आलं न आलं की लगेच डावा टाकते. ते मोडायचं आहे.

सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे उजव्या पायावर उभं राहून टाच उचलणं. मला कागद सरकवण्याएवढीही उचलता येत नाही. ज्योती म्हणते, ती टाच उठेपर्यंत वजन उचलायचं नाही, आणि माणसाला आधार द्यायचा तर विचारही करायचा नाही. तोल गेला तर दोघंही पडाल.

बाल्कनीत बसणं म्हणजे फिरणं नव्हे, अमू. दोन मजले उतरवत नसतील तर घरातल्या घरात फेऱ्या मारायला लाव. स्वयंपाकघर ते दार. पियूष संध्याकाळी असतो ना, त्याला सांग. बाबा फिरतात का, एवढं मला लिहून कळव.

तुझी
गीताताई


नागपूर
१४ एप्रिल २०२४

ती. ताईस,

उन्हाळा असा तापला आहे की दुपारी आमच्या घराच्या भिंतींनाही हात लावता येत नाही. कूलर बाबांच्या खोलीत लावला आहे. आम्ही तिघं पंख्याखाली.

तुला वाटतं मी त्यांना बसवून ठेवते. ताई, ते उठतच नाहीत. मी म्हणते चला बाबा, ते म्हणतात गीता आली की जाईन. रात्री हाका मारतात. मी उठून गेले की माझ्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, "तू नाही." मग बाथरूमला न्यायचं, आणायचं, ओलं झालं असेल तर बदलायचं. पुन्हा सकाळी डबे आहेतच. माझी कंबर गेली आहे, पण माझ्या कमरेचा एक्स-रे कोणी काढत नाही.

तुला वाईट वाटेल, पण लिहिते. तुझ्या पत्रात पोटरी आहे, टाच आहे, ज्योती आहे. मी कशी आहे हे तू एकदाही विचारलं नाहीस.

डॉक्टर तीन महिने म्हणाले होते ना? झाले की तीन महिने.

अमू


जबलपूर
३० मे २०२४

प्रिय अमू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. खरं बोललीस, मी विचारलं नव्हतं. आता विचारते. कंबर कशी आहे? पट्टा लावतेस का? स्वतःला जप.

परवा पियूष आला होता. कंपनीच्या कामानं जबलपूरला आला आणि मावशीची आठवण ठेवली, बरं वाटलं. स्वानंदीला पुढच्या वेळी घेऊन ये म्हटलं. लग्न होऊन वर्ष झालं, ती पुण्याला आणि हा नागपूरला, मी अजून तिला धड पाहिलंही नाही. पियूषला पोहे केले, उभं राहून केले. जेवायला थांबवलं.

जाताना म्हणाला, "मावशी, चालून दाखव ना. व्हिडिओ काढतो, आजोबांना दाखवतो. ते रोज तुझं विचारतात." मी म्हटलं, थांब. आत जाऊन साडी बदलली. काठी दारामागे ठेवली. फाटकातून निघून थेट किराण्याच्या दुकानापर्यंत गेले आणि परत आले. एकदाही थांबले नाही, कुठे धरलं नाही. वळताना हसून हात हलवला. दुकानदारही म्हणाला, "अरे वाह दीदी, आप तो दौड़ने लगीं!"

बाबांना दाखवलास ना तो? काय म्हणाले? त्यांना सांग, गीता चालते, आता तुम्हीही चाला.

तुझी
गीताताई


नागपूर
१२ जून २०२४

ताई,

व्हिडिओ पाहिला. मी पाहिला, आनंदरावांनी पाहिला, माझ्या जाऊबाईंनीही पाहिला. आनंदराव म्हणाले, ही बाई माझ्यापेक्षा सरळ चालते.

पियूषनं आणखी एक सांगितलं. तुझ्या दारामागे काठीच्या शेजारी फॅक्टरीचा पास टांगलेला होता आणि ओट्यावर जेवणाचा डबा धुऊन ठेवला होता. पुष्पाकाकूंना त्यानं सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, दीदी तर ड्यूटीला जातात. म्हणजे फॅक्टरीत जायला पाय आहे. बाबांना सांभाळायला पाय नाही. इतक्या पत्रांत तू हे एका ओळीनं कळवलं नाहीस. पोटरी सुकली, टाच उठत नाही, हे मात्र पानभर.

मला माहीत आहे, तू आयुष्यभर बाबांचं केलंस. सगळे तेच म्हणतात. गीतानं लग्न केलं नाही, गीतानं बाबांना सांभाळलं. मी सासरी निघून गेलेली. पण चार-पाच महिन्यांत तुलाही कळलं ना, बाबा नसले की किती मोकळं वाटतं? मग मी कुठे चुकले?

बाबांना आता तिकडे आणायचं आहे. माझ्यानं होत नाही. आनंदरावांनी स्पष्ट सांगितलं आहे, या महिन्यानंतर नाही.

अमिता


जबलपूर
२० जून २०२४

अमू,

हो, मी ड्यूटीला जाते. सांगितलं नाही, कारण तू हेच लिहिशील हे मला ठाऊक होतं.

माझी रजा संपली. फॅक्टरीच्या डॉक्टरांनी मला खोलीत चालायला लावलं, बसून उठायला लावलं, आणि लाइट ड्यूटी लिहून दिली. मशीनवर नाही. स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून कापडाच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावते. ज्या सेक्शनमध्ये मी मुलींना शिकवलं, तिथल्या मुली आता माझ्यासमोरून जातात आणि दीदी बसा बसा म्हणतात. ई-रिक्षानं जाते, ई-रिक्षानं येते. घरी आले की पाय उशीवर. चप्पल काढली की पट्ट्याची खूण मांसात उतरलेली असते.

आता त्या व्हिडिओबद्दल. पियूष गेल्यावर मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले ती पुष्पाकाकूंनी येऊन उठवलं तेव्हा उठले. पुढे दोन दिवस पाय टेकवता आला नाही. ज्योती मला रागावली. मी ते चालणं बाबांसाठी चालले होते, अमू. त्यांना वाटायला नको की त्यांच्यामुळे मुलगी लंगडी झाली. तू ते जाऊबाईंना दाखवलंस.

सपाट रस्त्यावर मी चालते. पायऱ्या उतरताना कठडा धरते, आणि एका पायरीवर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय पुढे जात नाही. उकिडवं बसता येत नाही. टाच आता थोडी उठते, पण थरथरते. ज्योतीनं परवा पाण्याची बादली उचलायला लावली आणि अर्ध्यातून ठेवायला सांगितली.

बाबा माझेही आहेत, मी नाही म्हणत नाही. मोकळं वाटतं म्हणतेस? संध्याकाळी देवळाची घंटा झाली की मी अजून दारात येते. तुला ते मोकळेपण वाटत असेल तर वाटो.

फक्त एक सांग. बाबा खुर्चीवरून आपलं आपण उठू शकतात का? काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातात का? जात असतील तर पाठव, उद्या पाठव. मी ड्यूटीवर असताना पुष्पाकाकू बसतील, त्यांनी हो म्हटलं आहे. आणि उठवावं लागत असेल, तर दिवाळीपर्यंत थांब. माझी टाच नीट होऊ दे, मी स्वतः घ्यायला येते. आनंदरावांना मी हात जोडते असं सांग.

एवढंच खरं लिही. दुसरं काही नको.

गीता


नागपूर
२ जुलै २०२४

ताई,

बाबा पूर्वीसारखेच आहेत. वयानुसार थोडं मंद झालं आहे, तेवढंच. काठी आहे. धरून चालतात.

पियूष येत्या रविवारी त्यांना घेऊन येतो. मदन महल स्टेशनवरच उतरतील, म्हणजे तुला लांब जावं लागणार नाही. औषधं पिशवीत ठेवली आहेत.

अमिता


जबलपूर
१६ जुलै २०२४

अमिता,

तू फोन उचलत नाहीस. पियूषही उचलत नाही. म्हणून लिहिते.

मी स्टेशनवर वेळेच्या आधी जाऊन बसले होते. बाबांना आवडतो तो पेढा घेऊन गेले होते. गाडी आली, पियूष उतरला, आणि मग त्यानं आणि एका हमालानं मिळून बाबांना खाली घेतलं. दोन्ही बाजूंनी धरून, पोतं उतरवतात तसं. व्हीलचेअर पियूषनं आधीच सांगून ठेवली होती. म्हणजे त्याला माहीत होतं. मी विचारलं, काठी कुठे? तो म्हणाला, "मावशी, काठी घरीच राहिली वाटते." तीच गाडी पुढे जबलपूर स्टेशनला जाणार होती, त्यातच परत चढतो म्हणाला. त्याचं सीट बुक होतं का, परतीचं काय, मी काही विचारू शकले नाही. पिशवी माझ्या हातात दिली, पाया पडला, आणि "आईला सांगतो पोचलो म्हणून" असं म्हणत गर्दीत गेला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओळखलं नाही. मग म्हणाले, "गीता, चल घरी." मी व्हिडिओचं विचारलं. त्यांना कसला व्हिडिओ ते माहीत नव्हतं.

घरी दोन ई-रिक्षावाल्यांनी उचलून पलंगावर टाकलं. मी मोजे घालायला गेले तर त्यांचा डावा पाय बाहेरच्या बाजूला कलंडलेला. सरळ करायला गेले तर ओरडले. दोन्ही पाय जवळ ठेवले तेव्हा डावा आखूड. पाठीवर, कमरेच्या खाली जखम आहे, बिछान्यानं झालेली. ती एका दिवसात होत नाही.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स करून दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, हे जुनं आहे, महिन्यापेक्षा जास्त. लगेच आणलं असतं तर ऑपरेशन करून आठवड्याभरात उभं केलं असतं. आता छातीत कफ आहे, पाठीला जखम आहे, वजन उतरलं आहे. भूल द्यायलाच ते कचरतात. मला विचारलं, "इतने दिन कहाँ थे आप लोग?"

बाबा कधी पडले?

कधी पडले, कुठे पडले, आणि कोणत्या डॉक्टरला दाखवलं ते लिही. इथल्या डॉक्टरांना हवं आहे, म्हणून विचारून राहिले. मला आता ते कळून काही करायचं नाही.

गीता


नागपूर
२६ जुलै २०२४

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात पडले. पहाटे बाथरूममध्ये. मी जागी झाले नाही. रोज रात्री उठत होते, त्या एका रात्री झोप लागली. आनंदरावांनी उचललं. तेव्हा ते उभे राहिले, ताई, शपथेवर सांगते, धरून धरून खोलीपर्यंत आले. मांडीत दुखतं म्हणाले. कॉलनीतल्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी हात लावून बघितलं, मुका मार आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. एक्स-रे काढायचा तर दोन मजले उतरवायचं. आनंदराव म्हणाले, आठ दिवस बघू.

मग ते उठेनासे झाले. मी पाय धरला की ओरडायचे. आणि तुझा व्हिडिओ तेव्हाच आलेला. घरात सगळे म्हणायला लागले, बाप आणि लेक दोघंही सारखेच, चालता येतं पण चालायचं नाही. मीही म्हटलं. मी बाबांना एकदा म्हटलं, "नाटक करू नका, गीतानंही हेच केलं." त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

तुला रागानं लिहिलं ते पत्र ते पडल्यानंतरचं आहे. मला तेव्हा एवढंच कळत होतं की ते इथून गेले पाहिजेत. तू विचारलंस, उठतात का. उठत नाहीत असं लिहिलं असतं तर तू दिवाळीपर्यंत थांब म्हणाली असतीस. मी दिवाळीपर्यंत जगले नसते, ताई. हे मी तुला समजावू शकत नाही. तुला त्यांनी कधी "तू नाही" म्हटलं नाही.

मी येऊ का? आनंदराव नको म्हणतात, पण मी येते. हो म्हण.

अमू


जबलपूर
१९ ऑगस्ट २०२४

बाबांना काल दवाखान्यात भरती केलं. छाती भरली आहे. ऑक्सिजन लावला आहे. ऑपरेशन होणार नाही, डॉक्टरांनी नक्की सांगितलं.

यायचं असेल तर ये.

गीता


नागपूर
५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सादर नमस्कार,

बाबांना जाऊन दोन महिने होऊन गेले. मी पोचले तेव्हा तू त्यांना अग्नी द्यायला ग्वारीघाटावर नेलं होतंस. तेराव्यापर्यंत आपण एका घरात राहिलो, एका पंगतीत जेवलो, पण तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस. मी सगळं ऐकून घ्यायला आले होते. तू काही म्हटलंच नाहीस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

झालं ते झालं असं मी म्हणणार नाही. पण माणसानं कधीतरी पुढे बघायला पाहिजे. एक आनंदाची बातमी आहे. स्वानंदीला दिवस गेले आहेत. फेब्रुवारीत तारीख आहे. ती पुण्याची नोकरी सोडून इकडे येऊन राहिली. तिच्या आईची तब्येत बरी नसते, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं आहे. माझी कंबर तुला माहीतच आहे. बाळाला तेल लावणं, शेक, रात्री उठणं, माझ्या एकटीनं निभणार नाही.

तू आता मोकळी आहेस. पुष्पाकाकूंना फोन केला होता, त्या म्हणाल्या दीदींचा पाय अगदी बरा झाला, पायी फॅक्टरीत जातात. मग चार महिने रजा टाकून ये ना, ताई. घरात लहान मूल असलं की मन लागतं. एकटी काय करशील तिकडे? आनंदरावही म्हणाले, ताईंना बोलाव. त्यांनी स्वतः म्हटलं.

बाबांची खोली तुझ्यासाठी नीट करून ठेवते.

तुझी
अमू


जबलपूर
१८ नोव्हेंबर २०२४

अमिता,

स्वानंदीला आशीर्वाद. तिची प्रकृती जपा. लोहाच्या गोळ्या चुकवू देऊ नका.

पुष्पाकाकूंनी सांगितलं ते खरं आहे. पाय बरा झाला. ज्योती गेल्या आठवड्यात शेवटची आली होती. भिंतीसमोर उभं केलं, गुडघा लागला. पायऱ्या चढवल्या, उतरवल्या, कठडा न धरता. मागून चाल बघितली आणि म्हणाली, आता कुणाला कळणारही नाही कोणता पाय मोडला होता. मग उजव्या पायावर उभं राहून टाच उचलायला लावली. मी उचलत राहिले, तीच पुरे म्हणाली. भरलेली बादली ओट्यावर ठेवली. ती खूश झाली. म्हणाली, "दीदी, अब आप किसी को भी उठा सकती हैं." मग तिला आतला रिकामा पलंग दिसला आणि ती पिशवी आवरायला लागली.

बाबा इथे आल्यापासून गेले तोवर मी त्यांना एकदाही स्वतःच्या हातांनी उठवून बसवू शकले नाही. दर वेळी कुणालातरी हाक मारावी लागली. पुष्पाकाकूंचे मालक, ई-रिक्षावाले, दवाखान्यातले वॉर्डबॉय. परकी माणसं हात लावायची तेव्हा बाबा डोळे मिटून घ्यायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुझा पाय आता दुखत नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यांना बरं वाटलं. तू इथे येऊन मी काही बोलेन याची वाट बघत होतीस, पण तुला सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच होतं आणि ते मला तुला द्यायचं नव्हतं.

तुझ्या जुलैच्या पत्रात तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू थकली होतीस, हे मी मानते. तुझ्या घरात जागा नव्हती, तुझ्या नवऱ्याला नको होतं, बाबा तुला तोडून बोलायचे, हे सगळं मी मानते. पडणं कुणाच्या हातचं नसतं, तेही मानते. पण मी तुला एकच प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर तू लिहिलं असतंस तर मी बादलीचा विचार केला नसता. तशीच लंगडत आले असते. बाबांना तिथेच खाली उतरवून दवाखान्यात नेलं असतं आणि तेव्हा वेळ होती. तुला वाटलं, खरं सांगितलं तर ताई थांब म्हणेल. तुला बहीण म्हणून मी एवढीच कळले.

आता बाळंतपणाचं. मी येणार नाही.

रजा मिळणार नाही म्हणून नाही. रजा शिल्लक आहे. पुन्हा मशीनवर घेतलं आहे म्हणूनही नाही. मला यायचं नाही. त्या खोलीत मला झोपायचं नाही. कामाला बाई ठेवा, तेल लावायला मालिशवाल्या बाया नागपुरात पुष्कळ मिळतात. पियूषला रात्री उठायला शिकवा. बाळाला मी काही दोष देत नाही. मुलगा झाला, मुलगी झाली, कळव. अंगडं-टोपडं शिवून पाठवीन.

तू लिहितेस, एकटी काय करशील. सकाळी ड्यूटी असते. संध्याकाळी आले की चहा करते, व्हरांड्यात बसते. रविवारी पुष्पाकाकूंबरोबर मदन महलच्या किल्ल्यावर जायचं म्हणून राहिलो. त्या अर्ध्यावर बसतील, मी वर जाईन.

घरी येणारे-जाणारे मला सांगतात, बहीण आहे, एकच आहे, राग सोडून दे, तुलाच हलकं वाटेल. वाटत असेल. माझा राग गेलेला नाही, अमिता, आणि तो जावा म्हणून मी काही करून नाही राहिले.

गीता